शतावरीला दिलेलं आमंत्रण

मी ठणठणीत आहे, हे आधीच सांगून ठेवते. एकाहत्तर वर्षांची बाई जितकी ठणठणीत असू शकते तितकी. जिन्यात मध्येच थांबावं लागतं, पण मी खिडकीतून बाहेर बघायचं निमित्त करून थांबते, म्हणजे ते धरायचं कारण नाही. हे मुद्दाम सांगायचं कारण असं की परवा चार दिवस खानदेशात जाऊन आले आणि तिथे जो भेटला त्यानं माझी तब्येत विचारली. विचारायला काय, सगळेच विचारतात. आमच्या सांगलीत तर 'बरं आहे ना' म्हणत माणूस पुढेसुद्धा निघून जातो. तिकडे कुणी पुढे निघून जात नव्हतं. उत्तराची वाट बघत उभे राहत होते.

धुळे

धुळ्याच्या एका कॉलेजात औषधी वनस्पतींच्या लागवडीचा शेतकरी मेळावा होता. मला बोलावलं होतं कारण चाळीस वर्षांपूर्वी मी याच कामासाठी याच भागात फिरत असे. तेव्हा आमच्या योजनेचं नाव फार मोठं होतं आणि जीप फार लहान. त्या जीपमधून एक तीस वर्षांची मुलगी उतरायची. गळ्यात स्कार्फ, डोळ्यांवर बशीएवढा गॉगल, हाताशी स्लाइड दाखवायचं मशीन. शेतकऱ्यांना ती सांगायची की डोंगरातली मुळं ओरबाडू नका, वावरात लावा. वाक्य बरोबर होतं. ते म्हणणारी मुलगी असह्य होती. हजार वर्षं लोक आपल्याच जीपची वाट बघत थांबलेत, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. आता कधी ती समोर आली तर मी आधी तिचा गॉगल काढून घेईन.

मेळाव्यात मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, फक्त जरा हळू. सातपुड्यात मुसळी, शतावरी शोधायला आता किती आत जावं लागतं ते सगळ्यांना माहीत होतंच. पाणी किती, मुळं कधी काढायची, उकळायची किती, असे नेमके प्रश्न आले. बरं वाटलं. मग जेवण. शेवभाजी अशी तिखट की माझ्या कानातून वाफ निघाली असावी. शेजारी पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ बसले होते. भाकरी कुस्करता कुस्करता त्यांनी विचारलं, "बाई, आते तब्येत कशी शे?"

"बरी आहे की. का हो भाऊ?"

"नही, पहूरले मनी सासरवाडी शे. तठे बठ्ठा विचारतस."

"माझी तब्येत? पहूरला?"

त्यांनी माझ्या मनगटाकडे बघितलं, मग गळ्याकडे, मग ताटात बघून जेवायला लागले. हात धुऊन ते कोपऱ्यात फोनवर बोलताना दिसले. तासाभरात मला फोन आला.

"बाई, मी मंगला. पहूरच्या नानांची सून. तुम्ही धुळ्यापर्यंत आल्या आहात म्हणे."

नाना मला आठवत होते. आमच्या योजनेत शतावरी लावणारे ते पहिले शेतकरी. झाडपाल्याचं जाणणारे, कमी बोलणारे. अजिंठ्याच्या डोंगरातून त्यांनी स्वतः कंद आणले होते आणि अर्धा एकर लावला होता. ते दोन वर्षांपूर्वी गेले, हे मला मंगलाकडून तेव्हाच कळलं.

"त्यांचं वावर अजून उभं आहे, बाई. काढणी झालेलीच नाही. नानांनी ते माझ्या हवाली केलं होतं, मी त्यातूनच रोपवाटिका करणार होते. पण दीर म्हणतात, शनिवारपर्यंत काढलं तर तुझं, नाहीतर रोटाव्हेटर घालतो आणि मका लावतो. मग नानांचं बियाणंच संपलं. तुम्ही यायला पाहिजे."

"अगं, काढायला दहा बाया लाव. मी येऊन काय करू? कुदळ धरू?"

"तुमच्याशिवाय कोणी हात लावत नाही," ती म्हणाली.

मला वाटलं, तांत्रिक सल्ला हवा असेल. त्या गॉगलवाल्या मुलीचा थोडा अंश अजून माझ्यात शिल्लक आहे तो असा. तो दिवस मंगळवार होता.

जळगाव

जळगावात मी भाचीकडे उतरले. तिनं कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली होती. हे भरीत खाल्ल्यावर सांगलीकडच्या माणसानं आपल्या वांग्यांचा अभिमान सोडून द्यावा आणि गप्प बसावं. मी तेच केलं.

बुधवारी दुपारी जुन्या बाजारात हनीफभाई अत्तारांच्या दुकानात गेले. नानांची मुळं त्यांच्याकडेच जात. दुकान तसंच आहे. हिरडा, बेहडा, ज्येष्ठमध, आणि सगळ्यांचा मिळून एक वास, जो नाकात नाही, घशात बसतो. हनीफभाई माझ्याहून मोठे. त्यांनी मला चष्म्यावरून बघितलं आणि चटकन उठून उभे राहिले.

"बाईसाब! आप? चलके आए?"

"रिक्षानं आले. पण चालता येतं मला."

"माशाल्ला." त्यांनी स्टूल पुढे केलं आणि मी बसेपर्यंत हात तसाच धरून ठेवला, पडणाऱ्याला धरतात तसा. "अब कैसा है?"

"हनीफभाई, मला झालंय काय, ते मलाच कुणी सांगत नाहीये."

ते हसले नाहीत. चहा मागवला. पहूरचा माल दोन वर्षं आला नाही, म्हणाले. गिऱ्हाईक अजून विचारतं. तशी जाड, दुधाळ मुळी दुसरीकडे मिळत नाही. "नाना माल घेऊन आले की मी विचारायचो, बाईसाब कशा आहेत. ते म्हणायचे, 'अजून आहेत.' बस, एवढंच."

अजून आहेत. हे काही तब्येतीचं उत्तर नव्हे.

"पण ते माझ्याबद्दल असं का म्हणायचे?"

"पहूरला जाताय ना? तिथे विचारा. दुखणाईताचं नाव दुसऱ्यानं घ्यायचं नसतं, असं नानाच सांगायचे." आणि दुकानाच्या पायरीपर्यंत मला सोडायला आले, दोन्ही हात पुढे धरून.

भाचीनं रात्री सहज म्हणून माझं ब्लडप्रेशर मोजलं. चांगलं निघालं. तरी दोघींनाही त्याचं फारसं समाधान वाटलं नाही.

पहूर

पहूर मोठं गाव आहे. फाट्यावर रसवंत्या, खताची दुकानं, केळीचे ट्रक. धुळ्याचं 'शे' इथे येईपर्यंत 'हाये' झालेलं असतं. एरवी मी अशा गोष्टी वहीत टिपून घेते, पण गुरुवारी सकाळी फाट्यावर उतरले तेव्हा वही पिशवीतच राहिली. रसवंतीवाल्यानं चरक थांबवला. चपलांच्या दुकानातली बाई बाहेर आली.

"झाडवाल्या बाई ना? आता बरं हाये का?"

"कोठी दुखते अजून? पोटात का पाठीत?"

"चेहरा तं चांगला दिसते, माय."

एक म्हातारी माझं मनगट धरून नाडी बघायला लागली. मी बघू दिलं. वीस-पंचवीस माणसं असतील, आणि नाडी मोजून होईपर्यंत फाट्यावर कुणी बोललं नाही. ट्रकसुद्धा नेमका तेव्हा कुणी सुरू केला नाही. "चालू हाये," म्हातारीनं सगळ्यांना सांगितलं. लोक कामाला लागले.

मंगला मला घ्यायला आली होती. चाळिशीची, सरळ पाठीची, झपाट्यानं चालणारी. घरी पोचून पाणी प्यायच्या आत मी तिला विचारलं, "हे काय चाललंय गं?"

तिनं जे सांगितलं त्यातलं अर्धं मला माहीत होतं. तेच तर वाईट.

जंगलातून औषधी आणणारे लोक तिला उपटत नाहीत, बोलावतात. आदल्या संध्याकाळी जायचं, हळद-कुंकू, अक्षता वाहायच्या आणि सांगायचं की अमक्याला अमकं दुखणं आहे, त्याच्यासाठी उद्या तुला न्यायला येतो, ये. पहाटे मुकाट्यानं जायचं, आपली सावली तिच्यावर पडू द्यायची नाही, आणि खणायचं. एका झाडाला एक दुखणाईत. नानांना आम्ही शतावरी वावरात लावायला सांगितली तेव्हा त्यांची अडचण झाली. डोंगरातल्यापेक्षा वावरात एक गोष्ट वाढते. कंद खड्ड्यात ठेवतानाच दुखणाईताचं नाव घ्यावं लागतं, आणि काढताना त्याच नावानं आमंत्रण द्यावं लागतं. अर्ध्या एकरात झाडं शेकड्यांनी. दुखणाईत आणायचा कुठून? ते जीपपाशी आले आणि त्यांनी मला विचारलं, "बाई, नाव कोनाचं घेऊ?"

मला तो क्षण चांगला आठवतो. मी बोनेटवर बसले होते. पाय हलवत होते. म्हटलं, "माझं घ्या! मीच दुखणाईत!" जीपमधले सगळे हसले. नाना हसले नाहीत. "पक्कं?" त्यांनी विचारलं. "पक्कं," मी म्हटलं आणि चहा मागितला.

"अठरा वेळा काढणी झाली, बाई," मंगला म्हणाली. "दर वेळी तुमचं नाव. माहेरचं, सासरचं, गावासकट. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, तुम्ही घरातल्याच कोणी आहात. लांब कुठंतरी अंथरुणाला खिळलेल्या."

गाव चाळीस वर्षं माझ्यासाठी मुळं खणत होतं. मी तिकडे सांगलीत तीन मुलं वाढवली, निवृत्त झाले, नातवंडांना बदाम कुटून दिले, आणि इकडे माझं आजारपण चालू होतं. दुखणं कोणतं, यावर मात्र गावात एकमत नव्हतं. शतावरी म्हणजे बाईला दूध येत नसणार, असं बायकांचं म्हणणं. माझ्या तिन्ही मुलांचे दंड पाहिले असते तर त्या असं म्हणाल्या नसत्या. पुरुषांच्या मते जळजळ. नाना मात्र काहीच सांगत नसत. कुणी फारच विचारलं तर म्हणत, "येणार हाये."

दोन वर्षांपूर्वी नानांनी संध्याकाळी आमंत्रण दिलं, घरी आले, पाणी मागितलं आणि भिंतीला टेकून बसले. पहाटे घरचे त्यांना उठवायला गेले तर ते गेलेले. बोलावणारा गेला आणि बोलावलेली तशीच उभी राहिली.

"मी नाही मानत हे सगळं," मंगला म्हणाली. "मागच्या हिवाळ्यात मी एकटीच कुदळ घेऊन गेले. एक झाड खणलं."

"मग?"

"खाली मुळं नव्हती. माती होती, आणि मातीत पोकळ्या. बोटांच्या आकाराच्या. हातमोजा आतून बघावा तशा. हात घातला तर गार." तिनं स्वतःचीच बोटं मुठीत धरली. "कुजली असतील. किडीनं खाल्ली असतील. मी बुजवून टाकलं, पण बायांनी बघितलं होतं. तेव्हापासून कोणी येत नाही."

मुळं कुजतात, हे मीही तिला सांगितलं असतं. बुरशीचं नावही सांगितलं असतं. पण कुजलेल्या मुळाचा लगदा राहतो. नुसती पोकळी राहत नाही.

वावरात

खणणाऱ्या बायांची म्होरकी म्हणजे सखूअक्का. माझ्याच वयाची, पण माझ्यासारख्या दोन तिच्यातून निघाल्या असत्या. तिचं म्हणणं साधं होतं. बोलावणारा नाही, तर दुखणाईतानं स्वतः जाऊन सांगावं. नाव सांगावं, दुखणं सांगावं. मग त्या शुक्रवारी पहाटे येतील.

"आणि मी म्हटलं, मला काही झालेलंच नाही, तर?"

"तं मंग तिले जा म्हनावं लागते. मंग ते मुळं कधीच कोनाच्या कामाचे नाही. सुरेशनं खुशाल मशीन घालावं." सुरेश म्हणजे मंगलाचा दीर. "खोटं बी नका सांगू, बाई. मांगच्या बारीले पोकळ निघालं. ह्या बारीले काय निघंल, काय सांगावं."

मंगला माझ्याकडे बघत नव्हती. मी 'जा' म्हटलं की तिचं वावर गेलं, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

मी ठरवून टाकलं. गुडघे सांगू. गुडघे खरे आहेत, निरुपद्रवी आहेत, आणि त्यांच्याबद्दल मी तासभर बोलू शकते.

दिवस मावळताना आम्ही तिघी गेलो. शेजारच्या हरभऱ्यात साळुंक्यांचा नुसता गोंधळ चालला होता. शतावरीच्या बांधावर पाय ठेवला आणि तो गोंधळ मागे राहिला, दार लोटून घ्यावं तसा. दोन वर्षं छाटणी नव्हती. वेल काठ्यांवरून चढून, काठ्या संपल्यावर एकमेकांवर चढून, माणसापेक्षा उंच झाले होते. शतावरीचा पाला इतका बारीक असतो की ती झाडासारखी दिसतच नाही, हिरव्या धुरासारखी दिसते. वारा नव्हता. तरी एखादं टोक मध्येच हलायचं. एकच. मग थांबायचं, आणि दुसरीकडे एक हलायचं.

कोवळी टोकं आधार शोधत फिरतात, हे मी स्लाइडवर शेकडो वेळा दाखवलं आहे.

मधोमध नानांनी अक्षता वाहिल्या ती जागा मंगलानं दाखवली. तिथपर्यंत जाताना माझा पदर मागे ओढला गेला. शतावरीचे काटे उलटे असतात, जाणाऱ्याला धरतात. सोडवला. चार पावलांवर पुन्हा. पुन्हा सोडवला. तिसऱ्यांदा मी मागे वळून बघितलं नाही, कारण या वेळी पदर नाही, कोपर धरलं होतं.

"बोला, बाई," सखूअक्का म्हणाली.

हळद वाहिली, कुंकू वाहिलं. माझं नाव सांगितलं, माहेरचं, सासरचं, गाव. मग दुखणं. मी 'गुडघे' म्हणायला तोंड उघडलं आणि समोरच्या सगळ्या झाडांची हालचाल थांबली. आधी किती हलत होतं, ते थांबल्यावर कळलं. कुणीतरी आपण काय बोलतो ते ऐकायला श्वास रोखून धरावा, तसं. अठरा वेळा माझ्यासाठी खणली गेलेली ती झाडं. त्यांना गुडघे सांगायचे?

"मला काही झालेलं नाही," मी म्हटलं. शेजारी मंगलाचा श्वास अडकलेला ऐकू आला. "अजून काही झालेलं नाही. आणि मला त्याची फार भीती वाटते. जिन्यात थांबते तेव्हा वाटते. सकाळी डोळे उघडायच्या आधी वाटते. मुलांना सांगत नाही. चेष्टा करते. त्या भीतीसाठी तुला न्यायला येते. ये."

सखूअक्कानं आधी वेलांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भीतीले चालते," ती म्हणाली. "भीतीले बी शतावरी चालते." आणि चालू लागली. परतताना मला कशानंही धरलं नाही.

शुक्रवारी पहाटे नऊ बाया आल्या. पांघरलेल्या, मुक्या. सगळ्या उगवतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, म्हणजे सावल्या मागे पडाव्यात. पहिली कुदळ मंगलानं मारली. दुसरी, तिसरी. मग ती गुडघ्यांवर बसली, हातांनी माती बाजूला केली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. मी डोळे मिटले, हे कबूल करते.

उघडले तेव्हा तिच्या मांडीवर मुळांचा झुबका होता. पन्नास-साठ तरी असतील. पांढरी, जाड, ओली, दोन्हीकडे निमुळती. कुणाची तरी बोटंच बोटं.

रिवाजाप्रमाणे पहिलं मूळ दुखणाईतानं बांधावरच खायचं. मंगलानं साल काढून, मधली शीर ओढून माझ्या हातावर ठेवलं. गुळगुळीत, आधी गोड, मागून कडू, आणि हातातून घरंगळणारं. आमच्या योजनेच्या पत्रकात मी 'चव रुचकर' असं लिहिलं होतं. तेव्हा मी ते खाल्लेलं नव्हतं.

आठ वाजता सुरेश मोटारसायकलवरून आला. निम्मं वावर काढून झालं होतं. मुळांच्या राशी बघितल्या, मग मला बघितलं, पायातल्या चपला काढल्या. "बाई, आता बरं हाये?" त्यानं विचारलं.

"बरं आहे."

"मशीन नाही आनत मंग," तो मंगलाला म्हणाला. "लाव तुले काय लावायचं ते." आणि तसाच अनवाणी जाऊन गाडीवर बसला, चपला हातात घेऊन.

मंगला तेव्हा पहिल्यांदा हसली. दुपारपर्यंत काढणी आटोपली. तिनं कंदांचे फुटवे वेगळे केले, नव्या सरीत पहिला खड्डा केला आणि एक फुटवा त्यात धरला. बाया कुदळी टेकून भोवती जमल्या. मीही गेले. तिथे पोचल्यावर मला आठवलं की आता नाव घ्यायचं असतं.

"कोनाचं?" सखूअक्कानं विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. पण माझी बस चारची होती, पुढची काढणी दोन वर्षांनी, आणि माझं वय एकाहत्तर. एवढा हिशेब मनात व्हायला जेवढा वेळ लागला तेवढा मी घेतला.

"माझं," मंगला म्हणाली.

"नको," मी म्हटलं. "मंगला, नको."

"का, बाई? तुम्हाला चाळीस वर्षांत काय झालं?"

"काही नाही."

"मग? बरंच झालं की." तिनं स्वतःचं नाव घेतलं. माहेरचं, सासरचं, पहूर. फुटवा ठेवला, माती लोटली, दोन्ही तळव्यांनी दाबली. वर पालाही नव्हता, हलायला काहीच नव्हतं. मी तरी बघत राहिले.

मग ती उठली. सकाळपासून वाकून काम केलं होतं, कुणाचंही झालं असतं तसं झालं. अर्ध्यावर थांबली, कमरेवर हात ठेवला आणि सहज म्हणाली, "आई गं."

नऊच्या नऊ जणी थांबल्या. माझ्याकडे आता कुणीच बघत नव्हतं. सखूअक्कानं कुदळ खाली ठेवली, मंगलाजवळ गेली, तिचं मनगट हातात घेतलं आणि अगदी मायेनं विचारलं, "कोठी दुखते, माय?"